आधी बोट, मग रस्ता

म्युनिकहून मोटारीने ग्रीस गाठायचे दोन मार्ग आहेत. एक स्लोव्हेनिया, क्रोएशिया, सर्बिया, उत्तर मॅसिडोनिया असा पूर्ण जमिनीवरून. थेसालोनिकीपर्यंतच तो दीड हजार किलोमीटरच्या वर जातो. दुसरा आल्प्स ओलांडून इटलीतल्या अँकोना बंदरापर्यंत आणि तिथून एड्रियाटिक समुद्रातून, गाडीसकट फेरीबोटीने. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्यांना हा दुसरा मार्ग अधिक सोयीचा. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, ग्रीस हे चारही देश शेंगेनमधले आहेत. सर्बियात शिरणारा मात्र शेंगेनबाहेर पडतो, आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर त्याच व्हिशावर त्याला पुढे ग्रीसमध्ये जाता येत नाही.

या प्रवासात हॉटेल बदलता येते, रस्ता बदलता येतो; बोट थांबत नाही. म्हणून तिकीट आधी काढायचे आणि बाकीचे दिवस तिथून उलटे मोजत यायचे. ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 तारखेच्या फेरागोस्तो या सणाच्या आसपास, सारी इटली सुट्टीवर असते. तेव्हाच्या केबिन फार आधी संपतात. म्युनिक ते अँकोना हे अंतर पावणेआठशे किलोमीटरच्या घरातले. नकाशा आठ तास दाखवतो, पण उन्हाळ्यातल्या शनिवारी ब्रेनर खिंडीत त्यावर विसंबणे भाबडेपणाचे ठरते. आदला मुक्काम बोलोन्यापाशी केला, तर बोटीच्या दिवसासाठी सव्वादोनशे किलोमीटरच उरतात.

टोलची तऱ्हा देशागणिक वेगळी. जर्मनीत मोटारीला टोल नाही. ऑस्ट्रियात ठरावीक मुदतीचे ‘विन्येट’, म्हणजे टोलपास, घ्यावे लागते. ते घेतले तरी ब्रेनरच्या महामार्गाचा टोल निराळा. इटलीत शिरताना तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे. खरा सापळा जुन्या शहरांच्या गाभ्यात असतो. ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या क्षेत्राच्या पाटीपलीकडे परवान्याविना गेलेली गाडी कॅमेरा टिपतो आणि दंडाचे पत्र महिन्यांनंतर येते.

आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्यासोबत बाळगावा. गाडी भाड्याची असेल तर ती बोटीवर चढवायला आणि ग्रीसमध्ये न्यायला कंपनीची लेखी परवानगी हवी. विम्यात समुद्रप्रवास धरला आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

बंदरावर निदान दोन तास आधी पोहोचलेले बरे. वेळ उरलाच, तर धक्क्याजवळ सम्राट ट्राजनची सुमारे 1,900 वर्षांपूर्वीची कमान उभी आहे. बुकिंग करताना छतावरच्या सामानासह गाडीची उंची खरी सांगावी, कारण जागा त्यावर ठरते. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा आणि चोरीचा अलार्म बंद करायचा, नाहीतर लाटांच्या हेलकाव्यांनी तो रात्रभर कोकलतो. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद होतो. औषधे, स्वेटर, दात घासायचा ब्रश आधीच पिशवीत घालून वर न्यावा, आणि मजल्याचा क्रमांक लिहून ठेवावा.

ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदराला पोहोचायला सोळा ते वीस तास लागतात, पात्रास बंदराला त्याहून पाच-सहा तास जास्त. ग्रीसचे घड्याळ इटलीच्या एक तास पुढे. मेतेओरा किंवा थेसालोनिकी गाठायचे असेल तर इगुमेनित्सालाच उतरावे: सुमारे 670 किलोमीटरचा एग्नातिया महामार्ग तिथूनच सुरू होतो आणि पूर्वीची घाटातली वळणे बोगद्यांनी टाळतो. पेलोपोनीसला जाणाऱ्यांनी पात्रासपर्यंत केबिनमध्ये झोपून राहावे.