धीर धरायचा की धीर करायचा?

'बाई नाही ती, बाप्या आहे बाप्या!' एखाद्या बाईचं मनापासून कौतुक करायचं असलं की हे वाक्य हमखास येतं. मुलगी एकटी रात्रीच्या गाडीने गावाला गेली, तर 'आमची पोरगी म्हणजे पोरगाच!' उलट एखादा पुरुष मागे हटला, की त्याला विचारायचं, 'बांगड्या भरल्यास का?' म्हणजे धाडस केलं तर ते पुरुषाच्या खात्यावर जमा, आणि घाबरलं तर बाईच्या नावावर! आणि हे फक्त पुरुष बोलतात असंही नाही. आपणही सर्रास बोलतो.

मैत्रिणींनो, हा हिशेब फक्त मराठीतला नाही बरं का. प्राचीन ग्रीक भाषेत शूर माणसाला 'आंद्रेइओस' म्हणत. हा शब्द पुरुष या अर्थाच्या 'आनेर'वरून आला, आणि हा 'आनेर' म्हणजे आपल्या संस्कृतातल्या 'नर' शब्दाचा चुलतभाऊच. थोडक्यात काय, तर शूर म्हणजे नरासारखा! मग बाईच शूर असेल तर? तर हेच विशेषण स्त्रीलिंगी करून लावायचं. अर्थ तोच, पुरुषासारखी.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटल नावाच्या थोर तत्त्वज्ञाने तर याची रीतसर वाटणीच केली. पुरुषाचं धैर्य हुकूम देण्यात आणि बाईचं धैर्य हुकूम पाळण्यात, असं त्याचं म्हणणं. वाचताना ओळखीचं वाटतं ना? 'सोशिक हो, तोंडातून शब्द काढला नाही कधी' हे आपल्याकडचं सर्टिफिकेट याच जातीचं!

पण शब्दही गमतीदार असतात. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द एका गृहिणीसाठी आला आहे. ती काही तलवार घेऊन लढत नाही. पहाट व्हायच्या आत उठते, लोकर कातते, घरादाराच्या अन्नाची सोय बघते, स्वतः पारखून शेत विकत घेते. घर चालवणारीलाही 'शूर' म्हणावंसं त्या भाषांतरकाराला वाटलं. आजच्या ग्रीक बोलण्यात तर 'आंद्रेइओस' जरासा पुस्तकी, भारदस्त झाला आहे. रोजच्या वापरात दुसराच शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ होता 'चांगल्या कुळातला', आता तो अर्थ झाला 'धाडसी', मग माणूस कुठल्याही घरचा असो, बाई असो की पुरुष. शब्द बदलतात, ते असे.

आता आपल्या शब्दांकडे बघू. पौरुष, मर्दुमकी, मर्दानी, या सगळ्यांत पुरुष ठाण मांडून बसलाय. त्यातला 'मर्द' आपल्याकडे फारसीतून आला. त्याचं मूळ नातं संस्कृतातल्या 'मर्त्य' शब्दाशी आहे. मर्त्य म्हणजे ज्याला मरण आहे तो. मरण काय फक्त पुरुषालाच असतं? 'धीट'चं मूळ 'धृष्ट'. मुलगा धीट असला तर शाबासकी, आणि मुलगी धीट असली तर 'जरा जास्तच धीट आहे हो!' शब्द एकच, तोलायची मापं दोन.

आमच्या कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. सातारा, सांगलीकडून आलेली ही घरं. बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या या कष्टकऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटील लढले, १९६९ साली माथाडी कायदा झाला. हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, सांगायलाच हवा. पण त्या घरांतल्या बायकांच्या धैर्याला नाव कुठे आहे? माझ्या ओळखीच्या एका वहिनींच्या नवऱ्याची पाठ धरली, काम सुटलं. ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती, त्यांनी फॉर्म भरायला शिकून घेतलं, पहाटे चारला उठून डबे सुरू केले, नणंदेचा विरोध असतानाही मुलीला कॉलेजात घातलं. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणाले, 'वहिनी म्हणजे अगदी पुरुषासारख्या उभ्या राहिल्या!' त्या हसून म्हणाल्या, 'अहो, पुरुष तर तेव्हा अंथरुणावर होता. बाई उभी राहिली म्हणून घर राहिलं.'

खरंच की! १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई फुले शिकवायला निघायच्या, तेव्हा लोक शेण-चिखल फेकायचे. शाळेत गेल्यावर बदलायला म्हणून त्या जवळ दुसरं लुगडं ठेवत, असं सांगतात. पुढे १८९७च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करताच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. हातात तलवार नव्हती, घोडा नव्हता. पण उद्या पुन्हा शेण अंगावर येणार हे ठाऊक असून त्याच रस्त्याने निघायचं, याला 'पुरुषासारखं' म्हणणार का आपण? ते सावित्रीबाईंसारखं होतं, बस्स.

आपल्या भाषेत पुरुषाचा आधार न घेणारे शब्दही भरपूर आहेत. हिंमत आहे, जिगर आहे, धाडस आहे. आणि माझा लाडका शब्द, धीर. त्याचे दोन उपयोग बघा. 'धीर धर' म्हणजे थांब, सोस, वाट बघ. 'धीर कर' म्हणजे पुढे हो, बोल, पाऊल टाक. सासरी त्रास होतोय, धीर धर. नवरा पितोय, धीर धर. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, धीर धर. आपल्या वाट्याला 'धर' फार आला आणि 'कर' फार थोडा!

धीर धरणं वाईट नाही. आजारपणात, अडचणीत तोच तारतो. पण कुठे धरायचा आणि कुठे करायचा, हे ज्याचं त्याने, नव्हे, जिचं तिने ठरवावं.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे लेकीने काही धाडस केलं, तर तिला 'माझा मुलगाच गं तू' म्हणू नका. 'हिंमतीची आहेस हो माझी पोर' असं म्हणून बघा. कौतुक तिचं आहे, ते तिच्याच नावावर जमा होऊ द्या!