कुंपणाबाहेरचा कुपारी

वसईजवळच्या भुईगावात ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला तीन उत्तरे मिळतात. परक्या माणसाने विचारले तर ‘ख्रिस्ती’. वसईचाच पण दुसऱ्या पट्ट्यातला कोणी असेल तर ‘सामवेदी’, कारण तोंड उघडल्याबरोबर बोली ओळखू येते. तिसरे उत्तर घरातले: ‘कुपारी’. या लेखात मला मुख्यतः या तिसऱ्या शब्दाबद्दल बोलायचे आहे. भुईगाव, निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी या सगळ्या पट्ट्यातल्या चर्चचे सामर्थ्य आणि त्याची अडचण, दोन्ही या एका शब्दात आहेत.

कुपारी हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जो त्याचा धर्मपिता होतो, तो मुलाच्या आईबापांचा कोंपाद्रे. म्हणजे व्याही जसे लग्नाने जोडले जातात, तसे हे बाप्तिस्म्याच्या पाण्याने जोडले गेलेले लोक. अख्ख्या समाजाने आपले नाव जातीवरून, धंद्यावरून किंवा मूळ गावावरून न घेता अशा पातळ, पाण्याच्या नात्यावरून घ्यावे, याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात मला तरी आठवत नाही.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरच्या शतकात इथल्या गावांत धर्मांतरे झाली. ती कशी झाली, किती राजीखुशीने आणि किती दडपणाखाली, यावर बरेच लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. इथे माणसे एकेकटी ख्रिस्ती झाली नाहीत, नातीगोतीच्या नातीगोती झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे घर मोडले. लक्ष्मीबाईंना पुन्हा त्यांच्यासोबत संसार थाटायला काही वर्षे जावी लागली. अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ काढला. तुटलेल्या माणसाला नवे गोत लागते, हे त्यामागचे दुखणे होते. वसईकराला असा दरबार कधी काढावा लागला नाही. त्याचे शेत, भाषा, लुगडे, लग्नातली गाणी आणि शेजारीही तेच राहिले. ख्रिस्ती झालेले आणि न झालेले सामवेदी आजही जवळजवळच्या वाड्यांत राहतात आणि थोड्याफार फरकाने एकच बोली बोलतात.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तहात मोजकी चर्च ख्रिस्ती लोकांकडे ठेवण्याची अट होती. पोर्तुगीज मिशनरी निघून गेले आणि कारभार मुख्यतः गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंवर आला. त्यांची संख्या थोडी, अंतरे मोठी. राजाश्रय गेल्यावर हा समाज विरघळून जायला हवा होता, पण तसे झाले नाही. आळीच्या तोंडाशी उभा असलेला क्रूस, त्यापुढे सायंकाळी जमून म्हटलेली प्रार्थना, मयताला धावणारी आळी आणि बाप्तिस्म्याला लागणारा धर्मपिता एवढ्यावर गाडा चालत राहिला. चर्चने इथे समाज बांधला असे आपण सहज म्हणतो. माझ्या मते वसईत उलट घडले. समाज होता म्हणून चर्च टिकले.

हा समाज पाण्यावर उभा होता, आणि ते पाणी केवळ बाप्तिस्म्याचे नव्हते. पश्चिम पट्ट्यातली जमीन रेताड, समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरवून ठेवले नाही तर खारे पाणी आत सरकते. म्हणून इथल्या शेतकऱ्याने बावखले खोदली. बावखल म्हणजे विहीर नव्हे, तलावही नव्हे. वाडीतला रुंद, उतरत्या काठांचा खोल खड्डा. त्यातून निघालेली माती सखल जमिनीवर टाकायची, खड्ड्यात पावसाचे पाणी साठवायचे, त्यावर रहाट बसवायचा आणि केळी, पानवेल, भाजी, फुले पिकवायची. बावखल बहुधा एकट्याचे नसे. पाळीपाळीने पाणी घ्यायचे तर आधी बोलणे चालू असावे लागते. भांडण झाले तरी परवाच्या पाळीपूर्वी मिटवावे लागते. धर्मग्राम (पॅरिश) परिषद, उपसमित्या, अहवाल हे सारे येण्याच्या कितीतरी आधी लोक इथे बावखलाच्या काठी एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या शेतकऱ्याची खरी अडचण सावकाराची होती. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट मोकळी केली आणि १९१८ मध्ये फादर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिक पतपेढी उभी राहिली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. युरोपात रायफायझन यांनी एकोणिसाव्या शतकात हाच विचार मांडला होता. ज्याच्याकडे तारण नाही त्याला शेजाऱ्याची ओळख हेच तारण. कुपारी समाजात तर ही ओळख रोजच्या व्यवहारात होतीच. मोनीस यांनी तिला खातेवही दिली. बँकेच्या नावात ‘कॅथॉलिक’ शब्द अजून आहे, खातेदार मात्र सगळ्या जातिधर्मांचे आहेत. मिशन या शब्दाचा अर्थ मला कुणी वसईत विचारला तर मी आधी या बँकेची पायरी दाखवीन, मग एखाद्या चर्चची.

या शब्दाने महाराष्ट्रात बराच घोटाळा केला आहे. ‘मिशन’ म्हटले की नगरकडे कंपाउंड आठवते, दवाखाना आठवतो, आणि अलीकडे संशयही. वसईचे धर्मगुरू ‘प्रेषितकार्य’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण तो व्यासपीठावर राहतो. वाडीत कुणी म्हणत नाही. वाडीत ओळखीचा आहे तो ऑक्टोबरातला मिशन रविवार. १९२६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी तो जगभर लावून दिला. त्या दिवशी दूरच्या मिशनसाठी पैसे गोळा होतात. यात एक सोय आहे. मिशन म्हणजे दुसरीकडे कुठेतरी चालणारे काम, आपण त्याला पैसे दिले की झाले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नेमकी हीच सोय काढून घेतली. चर्च मुळातच प्रेषित आहे, ते काम नेमलेल्या मूठभर लोकांचे नाही, असा परिषदेच्या मिशनविषयक आदेशाचा गाभा आहे. दूरचे मिशनही अर्थात होते. वसईतून निघालेले धर्मगुरू आणि धर्मभगिनी तलासरी, डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले, शाळा आणि वसतिगृहांत राबले. पण गावाच्या दृष्टीने तो ‘पाठवलेल्या’ माणसांचा पराक्रम होता.

परिषदेने आणखी एक गोष्ट केली आणि ती वसईच्या अंगी अधिक लागली. लॅटिन मिस्सा मराठीत आली. मुंबईतल्या ईस्ट इंडियन कॅथॉलिकांचा मोठा भाग तोवर इंग्रजीकडे वळला होता. ‘ईस्ट इंडियन’ हे नावही त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, रीतसर संस्था काढून पक्के केले. वसईकर त्या वाटेने गेला नाही. घरी कादोडी, म्हणजे सामवेदी बोली, आणि देवळात प्रमाण मराठी, हा त्याचा दुभाषी संसार. (इथे चर्चला ‘देऊळ’ म्हणणारी जुनी माणसे अजून भेटतात.) १९५५ पासून निघणारे ‘सुवार्ता’ मासिक हे त्या मराठीचे मोठे घर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादक होते. चर्चचे मुखपत्र असूनही ते बिगरख्रिस्ती वाचकांच्या घरी पोहोचले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा बाहेर वाद झाले. वसईला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

आणि भुईगावचे बिशप थॉमस डाबरे. जन्म १९४५ चा, याच गावचा. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत काढण्यात आला तेव्हा ते त्याचे पहिले बिशप झाले. २००९ मध्ये पुण्याला गेले. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता तुकारामांचा ईश्वरानुभव, आणि तो ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. भुईगावपासून जवळ, निर्मळला, शंकराचार्यांची समाधी मानले जाणारे स्थान आहे आणि कार्तिकात तिथे मोठी यात्रा भरते. यात्रेचे दिवस माहीत असलेल्या, पानवेलीच्या वाड्यांतून वाढलेल्या मुलाला तुकारामांकडे जाताना फार लांब जावे लागले नसेल, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. बिशपांनी तसे कुठे म्हटल्याचा दावा नाही.

ऐंशीच्या दशकात या समाजाची परीक्षा पाहणारा प्रश्न आला, तोही पाण्याचाच. वसई रोड, नालासोपारा, विरार इथे इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना पाणी नव्हते. पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागले. पाणी विकणारे बाहेरचे नव्हते. आपलेच भाऊबंद होते. ज्याच्या विहिरीतून उपसा, त्याच्या शेजाऱ्याची विहीर खारी. फादर दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. टँकर, जमीनबळकाव आणि गुंडगिरी या तिन्हींविरुद्ध ती लढली आणि तिच्या मोर्चांत हिंदू शेतकरी बरोबरीने चालले. एखाद्या फादरने पाणी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरावे का, हा प्रश्न चर्चच्या आतही विचारला गेला. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो. बावखल आटले असते तर क्रुसापुढे जमायला आळी उरली नसती. २००९ मध्ये महानगरपालिका झाल्यावर पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी तिच्या बाहेर राहण्यासाठी आंदोलन केले, तोही याच तारेवर वाजणारा सूर होता.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे आणि वसईत ती नेहमी सांगितली जाते. पुढची कमी सांगितली जाते.

कुपारी हे नाते जोडते तसे अडवतेही. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ ख्रिस्ती, कोळी ख्रिस्ती असे गट बाप्तिस्म्यानंतरही शेकडो वर्षे वेगळे राहिले. मिस्सा एक, वेदी एक, सोयरीक मात्र आपापल्यात. आताच्या पिढीने ही भिंत बरीच पाडली, त्याचे श्रेय चर्चइतकेच कॉलेजला आणि लोकल गाडीला आहे. बाजूला दुसरी भिंत उभी राहत होती. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. त्यांत केरळ, मंगळूर, गोवा, तमिळनाडूकडून आलेले ख्रिस्तीही आहेत. ते मिस्साला येतात, मागच्या बाकांवर बसतात, निघून जातात. त्यांना मराठी प्रार्थना नीट येत नाही आणि कादोडी तर मुळीच नाही. गावाला त्यांचा राग नाही, फक्त त्यांची ओळख नाही.

यावर चर्चकडे उपाय आहे, कागदावर तरी. ऐंशीच्या दशकात मुंबई धर्मप्रांताने छोटे ख्रिस्ती समूह सुरू केले आणि वसई तेव्हा मुंबईतच होती. कल्पना लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत वाढलेली. मेडेलिनला १९६८ मध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तिथल्या गरिबांच्या समूहांना बळ दिले. दक्षिण आफ्रिकेतल्या लुमको संस्थेने शुभवर्तमान एकत्र वाचण्याची सात पायऱ्यांची साधी पद्धत बसवली. मोजकी घरे, कुणाच्या तरी ओट्यावर बैठक, एक उतारा, थोडी शांतता, प्रत्येकाने आपल्याला भिडलेला शब्द सांगायचा, आणि शेवटी आळीतले कोणते काम हाती घ्यायचे ते ठरवायचे. सगळा जीव त्या शेवटच्या पायरीत आहे. आणि तीच बहुतेक ठिकाणी गळते. प्रार्थना होते, चहा होतो, काम राहते. आजारी कोण, मुलाची फी कुणाची थकली, ही यादी करायला संत विन्सेंट डी पॉल संस्था आहेच, असे म्हणून समूह मोकळा होतो. ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसला ही संस्था काढली ती गरिबाच्या घरी स्वतः जाण्यासाठी. इतरांची पावले वाचवण्यासाठी नव्हे.

दुसरी अडचण अधिकाराची. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्मग्राम परिषद फक्त सल्ला देते, निर्णय धर्मगुरूंचा. अर्थसमिती असलीच पाहिजे, पण तीही मदतनीसच. एखादे फादर उत्साही असले की समूह फुलतात. काही वर्षांनी त्यांची बदली झाली की पुढचे फादर दुसरे काही सुरू करतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात जी सिनड, म्हणजे चर्चची विचारसभा, चालवली तिचे विषय होते सहभाव, सहभाग आणि प्रेषितकार्य. भुईगावसारख्या गावाला पहिल्या शब्दाचे शिक्षण नको. तिथे रोमनेच येऊन शिकावे. दुसऱ्याची सवय बावखलाच्या पाळीने लावली होती, ती आता मोडत चालली आहे. तिसऱ्याला गावाचे उत्तर अजून मिशन रविवारच्या पाकिटातच आहे.

बावखले बुजवली जात आहेत. त्यांवर बंगले आणि इमारती उठतात आणि ओढ्यानाल्यांची तोंडे बंद झालेल्या वसईत २०१८ च्या जुलैसारखा पाऊस आला की पाणी दिवसचे दिवस हलत नाही. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात सुटीच्या दिवशी मुंबईची गर्दी आणि तिचा कचरा येतो. तो उचलायला गावातली पोरे जातात आणि त्यांत सगळ्या धर्मांची असतात. कुणी त्याला प्रेषितकार्य म्हणत नाही, हे बरेच आहे.

मला विचारायचे आहे ते मयताबद्दल. आळीत कुणी गेले की चर्चची घंटा होते आणि शेतातले काम सोडून माणसे निघतात. कुणी पेटीचे बघतो, कुणी स्वयंपाकाचे, कुणी मुंबईहून येणाऱ्यांना स्टेशनवरून आणायला जातो. हे कुणी कुणाला सांगत नाही. नव्या इमारतीत भाड्याने राहणारा, दूरच्या राज्यातून आलेला, आळीत ज्याचा कुणी कुपारी नाही असा माणूस गेला, तर या घंटेवर किती जण निघतात? ही संख्या कोणत्याही वार्षिक अहवालात येत नाही. भुईगावच्या आणि आसपासच्या धर्मग्राम परिषदांनी पुढच्या बैठकीत एवढे एकदा मोजावे, आणि नाताळच्या आधी अशा प्रत्येक घरासाठी आळीतला एक कुपारी नेमावा. त्याला फादरांच्या परवानगीची गरज नाही.