दरी बुडाली, बंदर झाले

वाशिमच्या मुलांना समुद्र दूर. मग नैसर्गिक बंदर वर्गात कसे समजावून द्यावे? आपण एकबुर्जी धरणापासून सुरुवात करू. धरण भरले की पाणी ओढ्यांच्या दऱ्यांत शिरते. समुद्राचेही तसेच झाले. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, पुष्कळ पाणी बर्फात अडकले होते; समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळला, समुद्र चढला, नद्यांच्या दऱ्या बुडाल्या. वेल्समधील सोल्वा या लहान गावाचे बंदर असेच बनले. विजयदुर्गची वाघोटन खाडीही अशीच. बाहेर लाटा उसळल्या, तरी भूशिराआडचे पाणी शांत राहते. परातीत मातीची वळणदार दरी करून पाणी ओतू या, तोंडाशी लाटा उठवू या. कागदी होडी कुठे स्थिर राहते, ते मुलेच सांगतील.