उत्तराखालच्या दोन ओळी
गणित उमजताना : भाग ७

मागच्या भागात आपण दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधले आणि सोडलेही. गठ्ठा सोडताना मुलाच्या हाताला जे कळतं, ते चौकटीच्या वहीत आकडे मांडताना नेमकं कुठे हरवतं, हा प्रश्न तेव्हा शिल्लक राहिला होता. आज त्या वहीकडे वळू.

तिसरीतल्या एका मुलीची वही डोळ्यांसमोर आणा. ५२ वजा २७, उत्तर ३५. आपण लाल फुली मारतो, शेजारी २५ लिहितो आणि शेरा देतो, 'लक्ष देऊन सोडव.' आता पुढची उदाहरणं पाहा. ८४ वजा ३९ बरोबर ५५. ६१ वजा ४८ बरोबर २७. निष्काळजीपणा इतका शिस्तीत चालत नाही. ही मुलगी एक नियम पाळते आहे, आणि अगदी काटेकोरपणे पाळते आहे. तो कोणता, हे उत्तरावरून एखाद्या जाणत्या बाई ओळखतीलही. पण उत्तराखाली दोन ओळी मागितल्या, 'हे तू कसं केलंस?' असं विचारलं, तर ती स्वतःच सांगेल: 'दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. नेहमी मोठ्यातून लहान जातो.'

या दोन ओळींसाठी ठेवलेली वही म्हणजे आजचा विषय. इंग्रजी शाळांमध्ये तिला 'मॅथ जर्नल' म्हणतात. आपण 'विचारवही' म्हणू. अमेरिकेतल्या गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ साली शालेय गणिताची मानकं प्रसिद्ध केली, तेव्हा आकडेमोडीच्या बरोबरीने 'संवाद' हेही एक मानक ठरवलं. गणितातला विचार मुलाला बोलून, लिहून, चित्र काढून मांडता यावा, ही त्यामागची अपेक्षा. आपल्याकडच्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलाच्या विचाराचं गणितीकरण हे गणित शिकवण्याचं मुख्य उद्दिष्ट मानलं. विचार घडवायचा, तर आधी तो दिसायला हवा.

तो दिसला नाही तर काय होतं? स्टॅन्ली एर्लवँगर यांनी १९७३ साली बेनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वर्षांच्या अमेरिकन मुलाबद्दल एक निबंध लिहिला. बेनी सहावीत होता. प्रत्येकाने आपापल्या गतीने पुस्तिका सोडवायच्या आणि चाचणी देऊन पुढे जायचं, अशी त्याच्या वर्गाची पद्धत होती. बेनी भराभर पुढे जात होता, हुशारांत गणला जात होता. एर्लवँगर त्याच्याशी बोलायला बसले, तेव्हा कळलं की अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर करताना तो अंश आणि छेद यांची बेरीज करतो आणि मध्ये दशांशचिन्ह ठेवतो. म्हणून २/१० म्हणजे १.२ आणि ५/१० म्हणजे १.५. ४/११ आणि ११/४ या दोन्हींचं उत्तरही त्याच्या मते १.५ च. गणित म्हणजे कुणीतरी ठरवून ठेवलेले नियम, अशी त्याची समजूत झाली होती. त्या नियमांना अर्थ असायला हवा, ही अपेक्षाच त्याने सोडून दिली होती.

बेनीची समजूत उघड झाली ती कुणी तरी त्याच्यासमोर बसून 'का?' विचारलं म्हणून. चाळीस मुलांच्या वर्गात, किंवा दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या शाळेत, प्रत्येकासमोर असं बसायला वेळ कुठून आणायचा? हा न होणारा संवाद वही कागदावर घडवून आणते. मात्र संवाद म्हटला की दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं. फुली मारणं म्हणजे बोलणं नव्हे.

आपल्या तिसरीतल्या मुलीच्या ओळींखाली बाई असं लिहू शकतात: 'तुझ्याकडे ५७ रुपये होते, २२ खर्च झाले. मैत्रिणीकडे ५२ होते, २७ खर्च झाले. दोघींकडे सारखेच उरतील?' तिच्या नियमाने दोन्हीकडे ३५ च उरतात. पण मैत्रिणीकडे पैसे कमी होते आणि तिने खर्चही जास्त केला, मग सारखे कसे उरतील? हा काटा बोचला की काम सुरू होतं. ती नोटा-नाण्यांचं चित्र काढते आणि लिहिते, 'मैत्रिणीकडे दोनच रुपये सुटे आहेत. तिला दहाची नोट मोडावी लागेल.' दशक सुटा करणं म्हणजे काय, हे तिला तिच्याच शब्दांत सापडलं. खाली ताळाही येतो: ३५ आणि २७ मिळून ६२ होतात, ५२ नाही.

आता व्यवहाराचं. रोज लिहायला लावू नका. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. चाळीस वह्या असतील तर रोज आठ वाचा, पाच दिवसांत फेरा पूर्ण होतो. 'आज काय शिकलो?' असं मोघम विचारलं की 'आज वजाबाकी शिकलो, मज्जा आली' एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा एखादं चुकलेलं उदाहरण फळ्यावर लिहा आणि 'हे सोडवणाऱ्याला काय वाटलं असेल?' असं विचारा. किंवा काल गैरहजर असलेल्या मित्राला वजाबाकी समजावणारं पत्र लिहायला सांगा. पहिली-दुसरीतली मुलं ठिपके आणि काड्या काढतील, तोंडाने सांगतील. ते शिक्षकाने लिहून घ्यावं. या वहीला गुण नकोत, शुद्धलेखनाच्या खुणा नकोत. अहिराणी, वऱ्हाडी, पावरी, ज्या बोलीत विचार आला त्याच बोलीत तो उतरू द्या. नाहीतर गणित येणारं पण लिहिता न येणारं मूल दोन्हीकडून मार खाईल.

आणखी एक धोका आहे. बाईंना 'दशक सुटा केला' हे शब्द आवडतात, हे मुलांना आठवडाभरात कळतं. मग सगळ्या वह्यांत तेच वाक्य दिसू लागतं. अशा वेळी प्रश्न बदलावा: '५००० वजा १ करताना काय काय मोडावं लागेल?' पाठ केलेलं वाक्य तिथे पुरत नाही.

मराठी मुलांच्या वह्यांत एक खास गोष्ट सापडते. 'एकोणपन्नास लिही' म्हटलं की काही मुलं ५९ लिहितात. कारण विचारा: 'पन्नास ऐकू आलं म्हणून पाच, आणि एकोणचा नऊ.' तर्क चोख आहे, अडचण संख्येच्या नावात आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'बावन्न'सोबत 'पन्नास दोन' अशा धाटणीची नावं आली, तेव्हा मोठा वाद झाला. मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या गणित समितीसमोर मुलांची हीच अडचण होती. त्या उपायाबद्दल मतभेद असू शकतील. पण ५९ वर नुसती फुली मारणाऱ्याला अडचणीचाच पत्ता लागत नाही.

पुन्हा त्या मुलीच्या वाक्याकडे येऊ: 'नेहमी मोठ्यातून लहान जातो.' हे तिने कुठून आणलं? पहिलीत आपणच सांगितलं होतं, मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. तिथे ते चालून गेलं. 'नेहमी' एवढाच शब्द तिचा. बाकी वाक्य आपलं. विचारवह्या वाचताना असं वारंवार होतं. मुलाची चूक शोधायला बसावं आणि आपलंच अर्धवट वाक्य समोर यावं.

पुढच्या भागात शाब्दिक उदाहरणं घेऊ. तोवर घरात तिसरी-चौथीतलं मूल असेल, तर त्याचं एक बरोबर आलेलं उत्तर निवडा आणि 'कसं केलंस?' एवढंच विचारा. बेनीच्या चाचण्यांतली बरीच उत्तरंही बरोबरच होती.