दोन गाड्यांचा मालक आणि पहिली नोकरी

टोमॅटोचा हंगाम भरात आला की नारायणगावच्या उपबाजारात गाड्यांची रांग लागते. क्रेटची थप्पी चढते, ताडपत्री ओढली जाते आणि पहाटेच्या बाजाराला वाशी गाठायची म्हणून गाडी निघते. या गाड्यांचा मालक पुष्कळदा शेतकरीच असतो. एक-दोन गाड्या, फार तर चार. हप्ते बँकेचे नाहीतर पतसंस्थेचे. जुन्नर-आंबेगावच्या तरुणांना ड्रायव्हरकीची पहिली नोकरी मिळते ती बहुधा अशा मालकाकडे, आणि तिची जाहिरात क्वचितच येते. ड्रायव्हरअभावी कोणाची गाडी उभी आहे, हे आळेफाट्याच्या टायरवाल्याला, मंचरच्या गॅरेजमध्ये आणि आडतीवरच्या दिवाणजींना आधी कळतं. त्यांनी टाकलेला शब्द अर्जापेक्षा जास्त चालतो.

शब्द चालला तरी परवाना लागतोच. बोलेरो पिकअपसारख्या छोट्या गाडीचं आता सोपं झालं आहे. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्याहून मोठ्या ट्रकला ‘ट्रान्सपोर्ट’ची नोंद हवी. त्यासाठी वय किमान २० आणि हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना असावा लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवड आरटीओकडे, म्हणजे एमएच १४ मध्ये येतात.

मोठ्या गाडीचं काम खाली चाकणला आहे. तिथल्या कारखान्यांसाठी सपाट ट्रेलर धावतात. त्यांना ना हौदा, ना फाळके. त्यावर गाडी चालवण्याइतकीच माल बांधण्याची अक्कल लागते. पोलादाची कॉइल चढवली की तिच्या दोन्ही बाजूंना लाकडी गुटके ठोकायचे, वरून साखळ्या आवळायच्या. थोडं अंतर गेल्यावर उतरून प्रत्येक साखळी हाताने ओढून पाहायची, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि आवळलेली साखळी सैल पडते. जोराचा ब्रेक लागून कॉइल पुढे सरकली, तर तिच्या आणि ड्रायव्हरच्या पाठीच्या मध्ये केबिनचा पत्रा तेवढा उरतो. हे शिकायला छोटा मालक चांगला. तो स्वतः कधीकाळी स्टेअरिंगवर बसलेला असेल, तर पहिल्या काही खेपांना शेजारी बसून गाठ कशी मारायची ते दाखवतो. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत एवढी फुरसत सहसा कोणाला नसते.

मात्र छोट्या मालकाकडे कायद्याचं छत्र तोकडं पडतं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरला आठ तासांचा दिवस आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले, पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला त्यातून वगळलं. दोन गाड्यांच्या धंद्यात तास मोजलेच गेले नाहीत. रात्रभर वाशी करून आलेल्या पोराला दुपारी पुन्हा कांदा भरायला ओतूरला पाठवणं, हे माणुसकीला धरून नाही आणि माळशेजच्या धुक्यात तर जिवावर बेतणारं आहे.

म्हणून चावी घेण्याआधी गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विमा आणि फिटनेसची मुदत पाहावी. यात संकोच कसला? कामावर अपघात झाला तर पगारी ड्रायव्हरची कायदेशीर भरपाई सक्तीच्या वाहनविम्यातून मिळू शकते. विमा संपलेला असेल तर ती मालकाच्या खिशातून यावी लागते, आणि हप्त्यांत अडकलेल्या मालकाकडे तेवढा पैसा नसतो. जादा मालाचंही आधीच बोलून घ्यावं. कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. कलम गाडी चालवणाऱ्यालाही लागतं.

पगार महिन्याने की खेपेवर, टोल-हमाली कोणी भरायची, डिझेलचा ॲव्हरेज किती धरायचा, हे गावात तोंडी ठरतं. ते निदान मालकाच्या वहीत लिहून घ्यावं. परतीच्या भाड्याचा विषय बहुतेकदा राहूनच जातो. माल उतरल्यावर रिकामं यायचं की भाड्यासाठी थांबायचं, आणि थांबलं तर त्या दिवसाचा भत्ता किती, हे नोकरी धरतानाच विचारावं. वाशीतून फोनवर ही बोलणी सुरू झाली की पडतं ड्रायव्हरलाच घ्यावं लागतं.