आउटबोर्ड यंत्राच्या पंख्याची निगा

मुरूड तालुक्यातील आगरदांडा हे राजपुरी खाडीच्या काठी, दिघीच्या समोर वसलेले बंदर होय. अशा खाऱ्या व जाळी पडणाऱ्या पाण्यात आउटबोर्ड यंत्राच्या पंख्याचे वाकलेले पाते प्रथम नजरेत भरते. परंतु अधिक हानी पंख्यामागे दडलेला धागा करू शकतो.

जाळ्याचा वा गळाचा नायलॉन दोरा फिरत्या दांड्याभोवती गुंडाळला जाऊन रबरी सील कापतो. त्या वाटेने खारे पाणी गिअरपेटीत शिरते. तेथील तेल दुधट होते, त्याची वंगणशक्ती घटते आणि दाते व बेअरिंग झिजू लागतात. म्हणून तेल दुधट दिसताच सीलची तपासणी करावी.

पंखा काढण्यापूर्वी यंत्र बंद करून स्पार्क प्लगच्या तारा सोडवाव्यात व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. कॉटर पिन काढावी, लाकडी ठोकळ्याने पाते अडवून नट सोडवावा व वॉशरांचा क्रम ध्यानात ठेवावा. अडकलेला धागा काढून दांड्याच्या खाचांना जलरोधक ग्रीस लावावे. अन्यथा क्षार व गंज यांमुळे पंखा दांड्यास जखडतो. पात्याच्या कडेवरील बारीक खाचा कानशीने घासाव्यात. वाकलेले पाते मात्र कंप उत्पन्न करते. ते कुशल कारागिराकडेच सोपवावे. जोडणीच्या वेळी कॉटर पिन नवी घालावी.

यंत्रावरील जस्ताचा तुकडा समुद्राच्या पाण्यात स्वतः झिजून अ‍ॅल्युमिनिअमच्या भागांचे रक्षण करतो. म्हणून त्यास रंग देऊ नये. निम्मा झिजताच तो बदलावा.