जालीम वेदनाशामके : गरजूला धास्ती, धडधाकटाला सवय

या पानावर एरवी सुताचे भाव, वीजदर आणि बाजारातील मंदी-तेजी यांची चर्चा होते. येथे औषधांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आज ज्या औषधांविषयी लिहायचे आहे, ती आमच्या भिवंडीतल्या कारखान्यांत, मालाच्या गाठींत आणि उमराहला जाणाऱ्यांच्या सामानात पोहोचली आहेत. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एकाच वर्षात दोन चुका झाल्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या. व्यापारात खोट खाल्ली की आपण दुसऱ्याला सावध करतो. त्याच भावनेने हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, कापडाचा व्यापारी आहे. पण डॉक्टरांना विचारून, समजून घेऊनच लिहितो आहे.

पहिली चूक घरातली. माझे थोरले बंधू, मरहूम भाईजान, यांना जबड्याचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झाले, किरणोपचार झाले. पुढे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की आता रोग हटणार नाही, दुखणे मात्र आटोक्यात ठेवता येईल. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि दर चार तासांनी घड्याळ पाहून द्यायला सांगितल्या. घरी आल्यावर एका नातेवाईकाने म्हटले, "मॉर्फिन म्हणजे अफू. भाईजानना शेवटच्या दिवसांत नशेबाज करता काय?" मला ते पटले. गोळ्या मी कपाटात ठेवून कुलूप लावले. फारच तळमळ झाली तर एखादी गोळी काढून देत असे. असे जवळजवळ तीन आठवडे चालले. भाईजानना बोलता येत नव्हते. एका रात्री त्यांनी वहीवर उर्दूत लिहून मला विचारले, "गोळ्या संपल्या का?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले, पण त्यांनी समजावूनही सांगितले. त्या दिवसापासून गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. चार-पाच दिवसांत भाईजान शांत झोपू लागले. पाठीला उशी लावून, बसून इशाऱ्याने नमाज अदा करू लागले. नातवंडांना जवळ घेऊ लागले. शेवटचा दीड महिना त्यांचा सुकून में गेला. आधीचे तीन आठवडे मात्र मी परत देऊ शकत नाही.

दुसरी चूक कारखान्यातली. व्यापाराबरोबर माझे चोवीस माग चालतात. उत्तर प्रदेशातून आलेला एक तरुण कारागीर बारा तासांच्या पाळीत उभ्याने आठ माग सांभाळत असे. त्याची कंबर दुखू लागली. सोबतच्या कोणीतरी त्याला ट्रामाडोलची कॅप्सूल दिली. दुखणे थांबले, अंगात तरतरी आली, मीटर वाढले. मुकादम मला म्हणाला, "सेठ, पोरगा रात्रभर डोळा लावत नाही, काम चांगले आहे." मी खूष झालो आणि विचारपूस केली नाही. एका कॅप्सूलच्या पुढे दिवसाला आठ-दहा झाल्या. एका पहाटे त्याला मागाजवळ फेफरे आले, पडताना हात मागात सापडला आणि दोन बोटे गेली. रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले की ट्रामाडोल जास्त प्रमाणात घेतले की असे झटके येऊ शकतात. उपचाराचा खर्च आणि भरपाई मी दिली. बोटे देऊ शकलो नाही.

ज्याला औषधाची गरज होती त्याच्यापासून मी ते लपवले आणि ज्याला नको होते त्याच्याकडे पाहून डोळे मिटले. आपल्या समाजात आज नेमके हेच दोन प्रकार चालले आहेत.

ही औषधे कोणती?

अफूच्या बोंडाचा चीक वाळवला की अफू होते. अरबीत तिला अफ्यून म्हणतात आणि इब्न सीनासारख्या हकिमांनीही वेदनेवर तिचा उपयोग सांगितला आहे. १९ व्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. कोडीन हेही अफूतलेच. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल आणि फेंटॅनिल ही कारखान्यात तयार होणारी त्याच वर्गातील औषधे. यांची ताकद सारखी नाही. तोंडाने घेतलेले साधारण १०० मि.ग्रॅ. ट्रामाडोल हे १० मि.ग्रॅ. मॉर्फिनच्या जवळपास बसते, तर फेंटॅनिल हे मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट जालीम असते. म्हणून एकाची चिठ्ठी दुसऱ्याला, किंवा एका औषधाऐवजी दुसरे, असा कारभार येथे चालत नाही.

आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. म्हणजे माल घरचाच. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची इतकी कटकट झाली की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिनसारखी आवश्यक औषधे पूर्वीपेक्षा सुलभ रीतीने ठेवता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वेदना कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. कर्करोगाचा रुग्ण घरात असेल तर अशा विभागाची चौकशी अवश्य करावी.

दुखणे खरे असेल तर

डॉक्टरांनी कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन दिले तर घाबरू नये. पुढील गोष्टी मात्र पाळाव्यात.

औषध घड्याळाप्रमाणे द्यावे. रुग्ण कळवळू लागण्याची वाट पाहू नये. वेळ, मात्रा आणि दुखणे किती कमी झाले हे वहीत लिहावे. उधारीची वही आपण जशी ठेवतो तशीच ही वही असावी. मात्रा वाढवणे किंवा घटवणे डॉक्टरांवर सोडावे. बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नये. शरीराला सवय झालेली असते, म्हणून हळूहळू उतरवावे लागते. शरीराला अशी सवय होणे म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनी माणूस दुखणे नसतानाही, नुकसान दिसत असतानाही औषधामागे धावतो.

बद्धकोष्ठ जवळजवळ सर्वांना होते. त्यासाठी रेचक पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून मागून घ्यावे. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते. हळूहळू विरघळणारी गोळी चावू नये, कुटू नये. दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. फेंटॅनिलची चिकटपट्टी असेल तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, ती कापू नये. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

राहिला हलाल-हरामचा प्रश्न. नशा हराम आहे यात दुमत नाही. पण आजारात, वैद्याच्या सल्ल्याने, गरजेपुरते औषध घेणे ही नशा नव्हे. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनीही मला हेच सांगितले. मी हा प्रश्न तीन आठवडे आधी विचारायला हवा होता. रमजानमध्येही अशा रुग्णाने रोजासाठी परस्पर औषध बंद करू नये. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे.

धोका कोठे आहे?

ही औषधे श्वास मंद करतात. मात्रा जास्त झाली, किंवा सोबत दारू, झोपेच्या वा बेचैनीच्या गोळ्या घेतल्या, की श्वास थांबू शकतो. माणूस हाका मारून, हलवूनही जागा होत नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघरत चालतो, ओठ निळे पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अशा वेळी "झोपू द्या, उतरेल" असे म्हणू नये. १०८ ला फोन करावा, माणसाला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये. रुग्णालयात नॅलॉक्सोन नावाचा उतारा देतात. काय घेतले होते ते न लपवता सांगावे, पाकीट सोबत न्यावे.

सवय लागलेल्या कारागिराची लक्षणेही मालकाने ओळखावीत. गोळी मिळाली नाही की सतत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, अंग मोडून येणे, बेचैनी. त्याला शिव्या देऊन हाकलू नये. ट्रामाडोल खाऊन वाढलेले मीटर हे व्याजाने घेतलेल्या रकमेसारखे असते. आज हातात पडते आणि पुढे दुपटीने वसूल होते. त्याचा इलाज आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अमेरिकेने या बाबतीत फार मोठी किंमत मोजली. १९९६ साली तेथे एका कंपनीने ऑक्सिकोडोनची लांब वेळ चालणारी गोळी "व्यसन लागण्याचा धोका कमी" असे सांगत बाजारात आणली. २००७ साली त्याच कंपनीने न्यायालयात दिशाभूल केल्याचे कबूल केले. पुढे लोक हेरॉइन आणि चोरट्या फेंटॅनिलकडे वळले. २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी तेथे या वर्गातील द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे ८० हजार माणसे मेली. विकणाऱ्याने मालाचा ऐब लपवला की काय होते, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मालातला दोष सांगून विकावा, ही तर आपल्या दीनची शिकवण.

व्यापाऱ्यांनी कायदा ओळखावा

एप्रिल २०१८ पासून ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. चिठ्ठीशिवाय ते विकणे, साठवणे, पोहोचवणे गुन्हा आहे. व्यापारी प्रमाणातला साठा सापडला तर किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडोल व कॅरिसोप्रोडोल यांचे मिश्रण पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचे उघड झाल्यावर केंद्राच्या औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाचे उत्पादन व निर्यात यांच्या परवानग्या मागे घेतल्या. म्हणून गाठी पाठवताना दुसऱ्या कोणाचा डबा "जरा सोबत जाऊ द्या" म्हणून घेऊ नये. ट्रान्सपोर्टच्या पावतीवर नाव आपले असते.

उमराह, हज किंवा आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांनी तर फारच जपावे. संयुक्त अरब अमिरात व सौदी अरबियात अशी औषधे नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत लागते. २०१७ साली इजिप्तमध्ये २९० ट्रामाडोल गोळ्या घेऊन आलेल्या एका ब्रिटिश महिलेला तीन वर्षांची कैद झाली होती. गुडघेदुखीच्या गोळ्या कोणी दिल्या तर त्यात काय आहे ते आधी पाहावे. मसाल्यातली खसखससुद्धा अमिरातीत चालत नाही, हे घरातल्या स्त्रियांना सांगावे.

आम्ही काय करू शकतो?

केरळात कोझिकोड येथे १९९३ साली डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचे काम सुरू केले. पुढे मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्यात ते गावोगावी पसरले. स्थानिक लोकांच्या छोट्या छोट्या देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या पायपिटीवर रुग्णाच्या घरी जाऊन सेवा दिली जाते. आमच्या बाजारात इफ्तारच्या दावतींवर जो खर्च होतो, त्याचा थोडा भाग अशा कामाकडे वळला तर किती घरांतल्या रात्री सोप्या होतील!

कारखान्यात मी आता तीन गोष्टी केल्या आहेत. पाळीत दोनदा बसण्याची सुट्टी ठेवली. कंबरदुखीच्या माणसाला स्वखर्चाने डॉक्टरकडे पाठवतो. आणि मुकादमाला बजावले आहे की रात्रभर न थकणारा माणूस दिसला तर मला खूष करायला येऊ नकोस, काळजी म्हणून सांगायला ये. उत्पादनात थोडी घट आली. ती मी सोसतो.

भाईजानची ती वही अजून माझ्याकडे आहे. कोणाच्या घरी औषध कपाटात बंद असेल, तर बांधवांनो, आजच डॉक्टरांना विचारून ते कुलूप उघडा. आणि कोणाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटे फिरत असतील, तर तिकडे डोळे मिटू नका. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आम्हांला वेळेवर समज देवो. आमीन.